सरपंचाचं स्थळ

…नाही नाही, त्याला सोडून बोला. बाकी कोणत्याही कुत्र्यावर बोट ठेवा, आत्ता गाडीत बसवून देतो — वर टॉवेल-टोपी, नारळ देऊन पाठवणी करतो, आमच्याकडे तशी रीतच पडलीय — पण सरपंच नाही. बसा तर आधी. धुळ्याहून उन्हातान्हाचे आलात, पाणी प्या, तो पंखा तुमच्याकडे वळवून घ्या — मान अडकते त्याची, मागून एक चापट मारा — हां, अशी. सून आत चहा ठेवतेय. रूपाली, पाव्हण्यांच्या चहात साखर टाक गं! चालते ना? — चालते. तर मी काय म्हणत होतो, ते रील तुम्ही पाहिलं, 'सरपंचासाठी घर पाहिजे' म्हणून, ते चुकून पडलंय. चुकून म्हणजे — मला न विचारता पडलंय. घरात माणसं दोन, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याला न विचारता अख्ख्या खानदेशाला सांगून मोकळं व्हायचं, की या, आमच्या दारातलं घेऊन जा! याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा हितेंद्रभाऊ. हितेंद्रच म्हणालात ना मघाशी?

दोन कशी? — हां, दोन नाही, तीन. तिसरा जितू. जितू रावेरला गेलाय. तिकडं केळीच्या एका गोडाऊनमध्ये कुत्री व्यालीय, हमाल पिल्लं बाहेर काढून टाकतो म्हणत होते, म्हणून गेलाय. त्याच्यासाठी थांबू नका, त्याचं काही खरं नसतं. रीलमध्ये कुत्र्यांना दिलेला आवाज त्याचाच, हो. सगळे त्याचेच. लोकांना वाटतं चार-पाच जण बोलत असतील — ती चिरक्या आवाजाची आत्याबाई वेगळी, तो दात पडलेला नाना वेगळा, ती शहरातून आलेली पामेरियन नाक वर करून बोलते ती वेगळी — सगळा हा एकटाच. लहानपणी शाळेत मास्तरांची नक्कल करून मार खायचा. पुढं तीच नक्कल कुत्र्यांच्या कामी आली. हसू येतं ना? तुमच्या आईंना तर फारच येतं म्हणता. बरं वाटलं ऐकून. वडील गेल्यावर हसल्याच नव्हत्या — आणि सरपंचावर हसल्या? बरं वाटलं. नाही, खरंच बरं वाटलं. पण म्हणून कुत्रं देता येत नाही हो.

दुसरं बघा ना. त्या केळीच्या क्रेटमध्ये गोल होऊन पडलीय ती बघा, तांबडी. काय गरीब आहे! नाहीतर तो पाटात लोळतोय तो — आत्ता चिखलात आहे म्हणून, धुतला की पांढरा निघतो. तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी आमच्याकडं लागलं. आमच्याकडून कुत्रं नेलं की तो माणूस आमचा व्याही. थट्टा नाही, खरंच व्याही म्हणतो मी. ते कसं सुरू झालं ते ऐका, चहा येईपर्यंत. तेव्हा इथं एक काळी कुत्री होती, शेवंता. कोणी न्यायला तयार नाही, काळी म्हणून. तर जितूनं तिचा बायोडाटा लिहिला, लग्नाच्या ग्रुपवर टाकतात अगदी तसा — 'मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, स्वभावाने शांत. आई-वडील हयात नाहीत. मळ्यात राहण्याची तयारी. मुलाला नोकरी नसली तरी चालेल. अपेक्षा एकच, दारातून हाकलू नये.' वर शेवंताचा फोटो, गळ्यात लाल रिबीन, खाली जितूचा नंबर. हसण्यासारखं होतं की नाही? पण लोकांनी पुढं पाठवता पाठवता फोटो गळाला आणि नुसता मजकूर फिरला. आणि आपल्याकडची गत तुम्हाला ठाऊक आहे, बागायत असू द्या, दारात ट्रॅक्टर असू द्या, शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही — त्यात 'नोकरी नसली तरी चालेल' वाचलं! फोनवर फोन. जितू कुत्र्यांमागे, म्हणून उचलायचो मी. मी सांगतोय, अहो भाऊ, ती कुत्री आहे हो — तर समोरचा माझ्यावरच चिडतो, 'अनाथ पोर आहे म्हणून काय वाट्टेल ते बोलाल का?'

आणि एक तर आलेच. पारोळ्याकडचे रुपचंदभाऊ. फोन नाही, विचारणं नाही, थेट जीप भरून — बायको, बहीण, दोन मावशा, आणि मधे इस्त्रीचा शर्ट घालून ते पोरगं, तिशी उलटून गेलेलं, खाली मान घालून बसलेलं. आता दारात माणसं आली तर काय सांगणार? सुनेनं पोहे केले. पोहे खाल्ले, पाणी प्याले, आणि रुपचंदभाऊ म्हणतात, 'मंग, पोरले बलावा.' मी जितूकडं बघतोय, जितू माझ्याकडं. शेवटी तो उठला आणि शेवंताला दोरीनं घेऊन आला. त्या रिबिनीसकट. मला वाटलं आता जीपमधून काठ्या निघतात. तर ते पोरगं — ते पोरगं हसायला लागलं. असं हसलं, असं हसलं की डोळ्यांतून पाणी. मग मावशा हसल्या. मग रुपचंदभाऊ उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, 'रिकामा हाते घर गऊ ते बठ्ठं गाव हासी मना वर. आना ती दोरी.' रिकामं परतलं तर गाव हसेल म्हणून कुत्री घेऊन गेले! जितूनं धावत जाऊन माझा नवा टॉवेल, माझी टोपी आणि देव्हाऱ्यातला नारळ आणला आणि रीतसर पाठवणी केली. तेव्हापासून ती रीत. दादर ज्वारी निघाली की रुपचंदभाऊ अजून पोतं पाठवतात, फोनवर म्हणतात, 'व्याही, शेवंता मजामां शे.' पोराचं काही जमलं नाही अजून. शेवंता त्याच्याच खाटेखाली झोपते म्हणे.

तर हे असं. आणि सरपंच म्हणजे या सगळ्या सोयरिकींचा मध्यस्थ. तुम्ही पाहिलंच असेल, कोणत्याही रीलमध्ये आधी जितूची हाक येते, 'सरपंच, उठा, मीटिंग भरली!' मग हा आळस देत उठतो, कॅमेऱ्याकडं बघतो आणि भाषण ठोकतो — 'गावकऱ्यांनो, ह्या पोराले घर पाह्यजे. पोरगं हागायले बाहेर जाते. तुमच्यातले किती जनं जातात, हात वर करा.' असलं काहीतरी. पोट दुखेपर्यंत हसायचे लोक. त्याच्याच तोंडावर तर इथली सगळी कुत्री उजवली. लोक विचारायचे, मग सरपंचाचं कधी? जितू म्हणायचा, मध्यस्थाचं कधी लग्न होतं का? तो शेवटपर्यंत दुसऱ्याच्या मांडवात जेवायचा. म्हणायचा — म्हणतो. अजूनही म्हणतो.

आवाज कसा काढतो? ते आधी रेकॉर्ड करतो. कुत्रं नंतर. मागं केळीबागेत मधोमध जाऊन बसायचा, पानं दाट, बाहेरचा आवाज येत नाही, स्वतःचाही फिरून येत नाही — तिथं फोन तोंडाजवळ धरून एकामागून एक बडबड. कधी दुपार दुपार. मी पाण्याची बारी बघायला जायचो तर बागेतून सात माणसांचं भांडण ऐकू यायचं, आणि आत जाऊन बघावं तर हा एकटा मांडी घालून. मी खोकलो की ओरडायचा, 'आबा, रेकॉर्डिंग चालू आहे!' तो खोकला आहे त्यात अजून. नीट ऐकलं तर…

कोणाला लावताय? राहू द्या ना, म्हटलं ना रावेरला — तिकडं रेंजही — राहू द्या हो, कशाला —

हां. वाजतोय.

माझ्याच खिशात असतो. विसरून गेला तो. सकाळी घाईत — नाही. बंद करा तो आधी, रिंग बंद करा, ते बघा तिकडं कान टवकारले सरपंचानं. बंद करा. झालं.

बरं. आता तुम्ही धुळ्याहून आलात, पाणी प्यालात आमच्या घरचं. तुमच्याशी काय खोटं बोलायचं. जितू नाही. मागच्या उन्हाळ्यातच गेला. हायवेवर, बायपासच्या पुढं, मधल्या दुभाजकात एक कुत्रं अडकलंय म्हणून कोणीतरी फोन केला. सरपंचाच्या पायाला तेव्हा पट्टी होती म्हणून त्याला फाटकाशी बांधून गेला, नाहीतर हा रोज गाडीवर पुढं बसून जायचा, दोन्ही पाय टाकीवर ठेवून. त्या कुत्र्याला उचलून हा रस्ता ओलांडत होता. ट्रकवाल्याला दिसलाच नसेल. मला कोणाला बोल लावायचा नाही, आता लावून काय? कुत्रंही गेलं. हातातच होतं त्याच्या. लोकांनी सोडवून बाजूला ठेवलं तेव्हा — जाऊ द्या. जाऊ द्या ते.

तुम्ही म्हणाल, मग कालपरवाच्या रीलमध्ये कोण बोलतंय? तोच बोलतोय. या फोनात भरून ठेवलंय ना त्यानं. कुत्री यायची होती अजून, आवाज आधीच करून ठेवलेले. दिवस झाल्यावर आम्ही दोघं या खोलीत बसलो होतो, बाहेर सगळी शेड उपाशी ओरडतेय, रूपालीनं सहज फोन उघडला आणि आतून म्हातारीच्या आवाजात हा म्हणतो, 'अगं बया, मले कोनी पाहायले आलं का गं?' आणि रूपाली हसली. नवरा जाऊन तेरवं झालेलं आणि हसली, आणि मग जे रडली, ते रडली. मी काय करणार? मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनंच एका म्हाताऱ्या कुत्रीचं तोंड शूट करून त्यावर तो आवाज बसवला आणि टाकला. दोन दिवसांत भुसावळचं एक जोडपं येऊन घेऊन गेलं तिला. हसत हसत आले, हसत हसत गेले. भाऊ कुठेत म्हणाले. मी म्हटलं, रावेरला.

कसं सांगायचं हो? तुम्ही सांगा ना. सांगितलं की तो गेलाय, तर लोक हळहळतील, हात जोडल्याचं चित्र टाकतील, फुलं टाकतील — पण हसतील का? मेलेल्या माणसाच्या आवाजावर कोण हसतं? आणि लोक हसले नाहीत तर कुत्रं कोण नेणार? दया आली म्हणून कोणी कुत्रं नेत नाही, दया आली की माणूस डोळे पुसतो आणि पुढं सरकतो. हसू आलं की मात्र घरात बोलावतो. हे त्याचंच म्हणणं. म्हणून आम्ही गप्प. लोक खाली लिहितात, 'जितूभाऊ, एक नंबर', 'जितूभाऊ, तोंड दाखव ना एकदा', आणि मी आपला बोटानं एक एक अक्षर शोधत उत्तर देतो, 'धन्यवाद भाऊ, कामात आहे.' त्याच्या नावानं. पोराच्या नावानं बाप. खायला उठतं कधी कधी हे घर आणि हा फोन. रात्री नाही, दिवसा. दिवसाच जास्त.

घ्या, चहा आला. ठेव पोरी. नाही, मी काही नाही सांगितलं त्यांना. आपलं असंच, शेवंताचं. जा तू आत, ऊन लागतंय दारात.

ऐकलं असेल तिनं. पातळ भिंत आहे. तर आता सरपंचाचं ऐका, म्हणजे तुम्हाला कळेल मी का नाही म्हणतो. जितू बाहेरून यायचा ना, तर कॅनॉलच्या वळणावरूनच ओरडायचा, गाडीच्या आवाजावर, 'सरपंच, उठा, मीटिंग भरली!' की हा कुठंही असो, फाटकाशी हजर. तो गेल्यावर पहिले काही दिवस नुसता पडून. खाईना. मग एकदा मी रील लावलं, माझ्यासाठीच लावलं, आणि हाक आली तशी हा ताडकन उठला, लंगडत लंगडत गेला आणि फाटकातून वळणाकडं बघत उभा. शेपूट अशी हलतेय. आणि भाऊ, खरं सांगू? मले बी वाटलं, आला. कुत्र्याला जास्त कळतं म्हणतात ना. त्याला वाटतंय तर असेल. मी पण गेलो त्याच्या मागं. दोघं उभे. कोणी आलं नाही, तो भाग वेगळा. पण तेवढा वेळ — तेवढा वेळ पोरगं वळणावरच होतं हो. मेलेलं नव्हतं. यायचं होतं नुसतं.

मग रोज. रोज एकदा लावायचं, त्यानं उठायचं, मी मागं जायचं. कोणाचं काय जातं? पण रूपालीला नाही पटत. म्हणते, 'आबा, मुक्या जिवाला फसवताय तुम्ही. रोज एकदा ह्यांना मारताय त्याच्यासाठी.' तिचे वडील अमळनेरहून दोनदा येऊन गेले, पोरीला घेऊन जातो म्हणून. वय काय तिचं? मीच म्हटलं, जा बाई, तुझं पुढं बघ, मी काही आडवा येणारा सासरा नाही. तर म्हणते, 'तुम्ही दोघं त्या फाटकाशी उभे असताना मी कशी जाऊ?' म्हणजे माझ्यावरच आलं सगळं! आणि मग काय केलं तिनं? त्या फोनात कुठून तरी खोलवरून ते शोधून काढलं. जितूनंच बोलून ठेवलेलं, मला पत्ताच नाही — 'सरपंचाले बी मन ऱ्हायते ना भो. लोकायच्या सोयरिकी जुळवता जुळवता म्हातारा झाला बिचारा. आता त्याले बी एखादं घर पाहा. मोठं नको. दार उघडणारं मानूस पाह्यजे फक्त.' लावलं सरपंचाच्या तोंडावर आणि टाकलं. मी भांडलो. तर मला म्हणते, 'यांचंच बोलणं आहे, आबा. मी काही घातलेलं नाही पदरचं.' आता पोरगंच वरून बोलायला लागल्यावर बापानं कुणाशी भांडायचं?

पण मी काय म्हणतो, हितेंद्रभाऊ, नेऊन तुमचीच अडचण होईल. तुमच्या आई दिवसभर ही रीलं बघतात म्हणता. बघणारच. म्हणजे दिवसभर तुमच्या घरात जितूची हाक, आणि दर हाकेला हा उठून तुमच्या दाराशी. जेवायला बसलात, हा दाराशी. देवपूजा चाललीय, हा दाराशी. आईंना वाटेल कोणीतरी आलंय. त्यांनाही मग सवय लागेल बघायची. लागते हो, मला विचारा. ते नको. एका घरात पुरे झालं. तो इथलाच आहे, त्याला इथंच राहू द्या, त्याची वाट इथली आहे.

पटत नाही? हसताय काय — नाही, हसत नाही म्हणा, पण पटत नाही तुम्हाला. दाखवतो ना. आता तुमच्या पायाशी येऊन पडलाय, बुटावर हनुवटी टाकून, म्हणून तुम्हाला वाटतंय तुमचा झाला. तो सगळ्यांच्याच बुटावर टाकतो. थांबा. कुठं गेलं ते… ही बोटंही ना… हां. आता बघा. फाटकाकडं बघा, माझ्याकडं नका बघू.

'सरपंच, उठा, मीटिंग भरली!'

थांबा. उन्हानं सुस्त झालाय. कान हलवला बघा, एक हलवला. हलवला ना? आवाज लहान झाला असेल, परत लावतो. 'सरपंच, उठा' — ऊठ रे. ऊठ की. सरपंच! अरे ऊठ बाबा, जितू बोलावतोय, आपला जितू — 'मीटिंग भरली!' — पंख्याच्या आवाजात नाही ऐकू आलं त्याला, पंखा बंद करा तो. करा बंद. आता. 'सरपंच, उठा' —

रूपाली, तू कशाला आलीस बाहेर? काही नाही, पाव्हण्यांना दाखवत होतो. मोबाइल का घेतेस हातातून? बसू कुठं? बसलेलोच तर — मी कधी उठलो? नाही, मी नाही बघत तिकडं. मी कशाला बघू फाटकाकडं? तो उठतो, मी फक्त त्याच्या मागं… मी त्याच्या मागं जातो, तुला माहितीये. आज तो नाही उठला. तो तर तिथंच पडलाय. मग मी…

न्या हो त्याला. दोरी खुंटीला आहे, घ्या. नाही, टॉवेल-टोपी रूपाली देईल, माझ्याच्यानं नाही होणार आज. आईंना नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, रीलं खुशाल बघा, मोठ्यानं बघा, याला आता काही होत नाही. उठतोय बघा कसा तुमच्याबरोबर. जा रे. जा बाबा. हितेंद्रभाऊ, निघा आता, आणि जाताना तेवढं फाटक ओढून घ्या. कडी लावा. जरा वर उचलून लावावी लागते, वापरात नव्हती.